घड्याळातला आकडा आणि मनाचे निदान

महोदय,
मनगटी घड्याळावर दिसणाऱ्या हृदयगतीतील चढउताराच्या आकड्यावरून नैराश्याचा अंदाज बांधण्याची जी घाई हल्ली दिसते, ती मला धोक्याची वाटते. दोन ठोक्यांमधले अंतर मिलिसेकंदांनी कमीजास्त होत असते आणि नैराश्यात हा फरक सरासरीने घटलेला आढळतो, हे खरे. पण अमिट्रिप्टिलीन (नैराश्यावरची गोळी), क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरची गोळी) यांसारखी मनोविकारांवरची औषधेही तो घटवतात, त्यामुळे आजाराचा वाटा किती आणि गोळीचा किती, हे नुसत्या आकड्यावरून उमगत नाही. माझ्या भावाची गोळी बदलल्यावर आकडा उतरला, तेव्हा घरात (उगाचच) रडारड झाली. युरोपीय व उत्तर अमेरिकी तज्ज्ञांच्या संयुक्त गटाने १९९६ मध्येच अल्पकालीन मोजणीसाठी ५ मिनिटांचा ईसीजी सुचवला होता. मोजायचेच तर स्वस्थ पडून, ठरावीक वेळी मोजावे आणि चालू औषधांची नोंद सोबत ठेवावी.
— एक वाचक, पुणे