मिक्सिंगवाल्या काकांना, बाबांच्या फिल्मबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला हॉलमध्ये दाखवलेल्या फिल्मच्या शेवटी तुम्ही स्वतःचं नाव टाकू दिलं नाहीत, म्हणून इथेही ते लिहीत नाही. पण पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. जुन्या कॅसेटी आणि मोबाइलमधले व्हिडिओ घेऊन "आता याचं करायचं काय" म्हणून अडून बसलेली घरं आपल्या सांगलीत पुष्कळ आहेत. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही हाती लागावं, असं मनापासून वाटतं.

मी तुमच्याकडे एकच प्रश्न घेऊन आले होते, एडिटिंगचं सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? तोवर एका दुकानात मला वर्षाला पैसे भरायचं पॅकेज सुचवलं गेलं होतं. भाचा म्हणत होता, मोबाइलवरच कर. ऑफिसमधले एकजण म्हणत होते, सिनेमावाले वापरतात तेच घ्या. तुम्ही मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरचं नाव घेतलं नाहीत. "पोरी, आधी लॅपटॉप दाखव. मग माल दाखव. आणि बघणार कोण ते सांग," इतकंच म्हणालात. चाळीस वर्षं लग्नाची शूटिंग आणि मिक्सिंग, म्हणजे एडिटिंग, केलेल्या माणसाने आपलं ज्ञान आधी न सांगता आधी विचारावं, याचं मला तेव्हाच फार अप्रूप वाटलं होतं.

लॅपटॉप आठ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला. माल तीन तऱ्हांचा: बाबांनी २००३ पासून भरलेल्या मिनीडीव्ही कॅसेटी, भाच्याने मोबाइलवर फोर-केमध्ये केलेलं शूटिंग, आणि व्हॉट्सअॅपवर या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरून धुरकट झालेल्या क्लिपा. बघणारे म्हणजे हॉलमधले पाहुणे, बरेचसे सत्तरीच्या पुढचे, आणि फोनवर बघणारी परदेशातली आत्या. एवढं ऐकून तुम्ही कपाटातून एक केबल काढलीत आणि म्हणालात, सॉफ्टवेअरचं नंतर, आधी कॅसेटी.

काका, कॅमेरा कॉम्प्युटरला जोडणारी ती फायरवायरची केबल आणि तुमचा तो जुना कॉम्प्युटर नसता, तर बाबांचा सगळा ठेवा कॅसेटीतच राहिला असता. हल्लीच्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना लावून कॅसेट पुन्हा रेकॉर्ड करून देतो, असं मला बाहेर सांगितलं होतं. तुम्ही समजावलंत की मिनीडीव्हीवर चित्र मुळातच डिजिटल असतं. फायरवायरने ते जसंच्या तसं कॉम्प्युटरमध्ये उतरतं, पिनांच्या वाटेने गेलं की अॅनालॉग होऊन परत डिजिटल होतं आणि त्यात कस जातो. एका तासाच्या कॅसेटला सुमारे तेरा जीबी जागा लागते, हे आधी सांगितलंत म्हणून मोठी हार्ड डिस्क घेऊनच मी पुढच्या वेळी आले. प्रत्येक कॅसेट आधी शेवटपर्यंत पुढे पळवायची, मग मागे आणायची, मगच कॅप्चरला, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये उतरवायला, लावायची, हाही तुमचाच शिरस्ता. इतकी वर्षं गुंडाळून राहिलेली टेप मोकळी होते, कॅप्चर मध्येच अडखळत नाही.

मग सॉफ्टवेअर. इथे तुम्ही जे सांगितलंत ते मी वहीत उतरवून ठेवलं आहे आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगते. विंडोजमधला मूव्ही मेकर अनेकांच्या आठवणीत आहे, पण मायक्रोसॉफ्टने तो जानेवारी २०१७ मध्ये बंद केला. तेव्हा कुठून तरी तो शोधून उतरवून घेण्यात अर्थ नाही, नको ते व्हायरस मात्र सोबत येतात. अॅपलचा मॅक असेल तर आयमूव्ही फुकट मिळतं आणि घरच्या फिल्मला ते पुरतं. विंडोज ११ मध्ये क्लिपचॅम्प आधीपासूनच असतं, वाढदिवसाच्या चार क्लिपा जोडायला ठीक. दा विंची रिझॉल्व्ह म्हणजे तो सिनेमावाला पर्याय. त्याची फुकट आवृत्तीसुद्धा अव्वल आहे, रंगांच्या कामासाठी जगभर नावाजलेली. पण त्याला ताकदीचं ग्राफिक्स कार्ड आणि भरपूर रॅम लागते. माझ्या लॅपटॉपवर तुम्ही ते मुद्दाम लावून दाखवलंत. एक कट मारायचा तर चित्र थांबून थांबून पुढे सरकत होतं. "सॉफ्टवेअर उत्तम आहे, तुझ्या मशीनला झेपत नाही," म्हणालात. मोबाइलवरच्या अनेक फुकट अॅपचा शिक्का चित्राच्या कोपऱ्यात उमटतो, तो काढायचा तर पैसे. आणि तुम्ही स्वतः ज्यावर वर्षानुवर्षं कामं केलीत, ते एडियस. ते माझ्या गळ्यात घालणं तुम्हाला सगळ्यात सोपं होतं. तसं न करता "हे धंद्याचं हत्यार आहे, तुला एका फिल्मसाठी कशाला?" म्हणालात. या वाक्यासाठी मी तुमची वेगळी ऋणी आहे.

उरले दोन, शॉटकट आणि केडेनलाइव्ह. दोन्ही फुकट, दोन्ही मुक्त स्रोत, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला आहे अशी, दोन्ही विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालणारी, आणि दोघांच्या पोटात एमएलटी नावाचं एकच इंजिन. यातलं कुठलं, हे ठरवायची तुमची रीत मला सगळ्यात आवडली. वाचू नको, व्हिडिओ बघू नको, आपल्याच मालातला एक मिनिट घे आणि दोन्हींत तेच काम कर: कट मार, दोन तुकडे जोड, आवाज कमीजास्त कर, मराठीत टायटल टाक, एक्स्पोर्ट कर, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढ, आणि एक्स्पोर्ट झालेली फाइल टीव्हीवर लावून बघ. टायटलला शब्द दिलात 'सहस्रचंद्रदर्शन', कारण त्यात स्र आहे, द्र आहे, रफार आहे. जोडाक्षरं फुटणार असतील तर इथेच फुटतील. दोन्हींत ती नीट आली. केडेनलाइव्हमध्ये टायटल सजवायला जास्त सोयी आहेत, ज्यांना पुष्कळ ट्रॅक, म्हणजे चित्राचे-आवाजाचे थर, एकावर एक रचायचे आहेत त्यांनी ते जरूर बघावं. माझा हात शॉटकटवर बसला.

भाच्याचं फोर-के शूटिंग लॅपटॉपला जड जात होतं, त्यावर प्रॉक्सीचा उपाय तुम्ही दाखवलात. एडिटिंग करताना हलकी नक्कल वापरायची आणि शेवटच्या एक्स्पोर्टला मूळ फाइल. मोबाइलच्या काही क्लिपांत ओठ आणि आवाज यांचा मेळ सुटत होता, त्याचंही कारण समजलं. फोन दर सेकंदाला सारख्या फ्रेम घेतोच असं नाही. शॉटकट अशी क्लिप ओळखून ती एडिटिंगजोगी करून घ्यायची का, असं आपणहून विचारतं. तिथे हो म्हणायचं. व्हॉट्सअॅपवरच्या क्लिपांसाठी मात्र तुम्ही मला सरळ नातेवाइकांकडे पिटाळलंत, मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवून घे म्हणून. बहुतेकांकडे त्या होत्या!

आता आजीचा भाग. याच्यासाठी खरं तर हे पत्र.

२००४ मध्ये माझ्या बहिणीच्या लग्नात, घाणा भरल्यावर, आजी जात्यावर हळद दळताना ओव्या म्हणत होती आणि बाबा कॅमेरा घेऊन समोर बसले होते. आजीचा चालता-बोलता आवाज आमच्याकडे तेवढाच आहे. कॅप्चर झाल्यावर पहिल्यांदा बघितलं तेव्हा जात्यावर फिरणाऱ्या तिच्या हाताला आडव्या दातेरी रेघा दिसत होत्या. मला वाटलं टेप खराब झाली. तुम्ही सांगितलंत की त्या काळचा कॅमेरा एक फ्रेम दोन भागांत घेतो, आधी एका आड एक रेघा, मग उरलेल्या. जुन्या टीव्हीवर ते कळत नसे, कॉम्प्युटरच्या पडद्यावर हलत्या वस्तूच्या कडा फाटलेल्या दिसतात. डीइंटरलेस केलं, म्हणजे त्या रेघांचं अखंड चित्र करून घेतलं, आणि आजीचा हात स्वच्छ झाला.

भाऊ म्हणत होता, चित्र चौकोनी आहे, पडदा रुंद आहे, ताणून भरून टाक. तुम्ही ते होऊ दिलं नाहीत. चारास तीनचं चित्र सोळास नऊमध्ये ताणलं की माणूस आडवा होतो, आजी होती तशी बारीकच दिसली पाहिजे. कडेला काळ्या पट्ट्या राहिल्या, राहू दिल्या. हॉलमध्ये एकालाही त्या खटकल्या नाहीत.

आणि ओवीखाली संगीत टाकायचं नाही, हे. मी एक बासरी निवडून ठेवली होती. तुम्ही ती ऐकलीत, चांगली आहे म्हणालात, आणि मग ट्रॅक बंद करून नुसती ओवी आणि जात्याची घरघर ऐकवलीत. तिथे बोलायला काही उरलं नाही. वर आणखी एक युक्ती दिलीत: आधीच्या चित्रावरच ओवीचा आवाज सुरू होऊ दे, चित्र मागून येऊ दे. बाबांचा आत्ताचा चेहरा पडद्यावर होता, गच्चीत बसलेले, आणि त्यांच्यावर आजीची ओवी सुरू झाली. पुढच्या रांगेतल्या माझ्या इथल्या दोन्ही आत्यांनी चित्र यायच्या आधीच एकमेकींचा हात धरला. फुलं उधळणारे, पानं उलटणारे इफेक्ट लग्नाच्या कॅसेटमध्ये लोकांना हवे असतात आणि तुम्ही ते शेकड्याने केलेत. या फिल्ममध्ये तुम्ही मला साध्या कटाशिवाय काही वापरू दिलं नाहीत. ते किती योग्य होतं, हे त्या दिवशी पाहुण्यांकडे बघून कळलं.

शेवटच्या दोन गोष्टी लहान वाटतात, पण त्यांनी मला वाचवलं. पहिली: सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल म्हणजे फिल्म नव्हे. तुम्ही ती नोटपॅडमध्ये उघडून दाखवलीत, नुसता मजकूर, कुठली क्लिप कुठल्या फोल्डरमध्ये आहे आणि कुठे कापली त्याची नोंद. म्हणून सगळा माल एकाच फोल्डरमध्ये, मध्येच कुठल्याही फाइलचं नाव बदलायचं नाही. दुसरी: हॉलवाल्याच्या टीव्हीसाठी पेन ड्राइव्ह. एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. एच.२६४ची एमपी४ फाइल चार जीबीच्या आत काढ आणि आदल्या दिवशी तिथल्याच टीव्हीवर लावून बघ, म्हणालात. बघितली, चालली.

कॅसेटींवरून उतरवलेल्या मूळ डीव्ही फाइली दोन ठिकाणी जपून ठेवायचा तुमचा आग्रह किती रास्त आहे, हे सांगलीच्या गावभागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. कृष्णेची आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं आणि आमचा तळमजला बुडाला. कॅसेटी माळ्यावर होत्या म्हणून राहिल्या, खालच्या कपाटातले फोटोचे अल्बम गेले. आता दोन हार्ड डिस्क केल्या आहेत, एक माझ्याकडे आणि एक बहिणीकडे साताऱ्याला. कॅसेटीही टाकलेल्या नाहीत.

काका, तुमच्या कपाटात गिऱ्हाइकांनी कधीच न नेलेल्या मास्टर कॅसेटी रांगेने लावलेल्या मी बघितल्या, प्रत्येकीवर तुमच्या अक्षरात वधू-वरांची आडनावं आणि तारीख. त्या घरांना त्या परत मिळाव्यात, असं तुम्ही बोलून गेलात. कॅप्चर करायला मला आता येतं. रविवारी दुपारी मी मोकळी असते, हार्ड डिस्क घेऊन येत जाईन. तुम्ही कॅसेटी काढून द्या आणि कुठल्या घरची कुठली ते सांगा, बाकीचं मी करते. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरचं लग्न त्या काळात सांगली-मिरजेत झालं आणि मास्टर कॅसेट स्टुडिओतच राहिली, त्यांनी आपापल्या शूटिंगवाल्याकडे एकदा जाऊन विचारावं.

काकूंना नमस्कार. तिळाच्या वड्या पोचत्या करते.

आपली,
गावभाग, सांगली