मंत्री महोदय, बाप जिवंत आहे म्हणून पोरीला घर नको?

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग,
मंत्रालय, मुंबई

विषय : प्रतिपालकत्वाच्या आदेशाला मुदतवाढ न मिळाल्याने नऊ वर्षांच्या मुलीला बालगृहात परत नेल्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. मी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. वय ५३, अविवाहित. आपला व्याप मोठा आहे, म्हणून मागणी आधीच लिहिते. माझ्याकडे प्रतिपालकत्वात, म्हणजे दत्तक न घेता मूल काही काळ घरी सांभाळायचं, ज्याला सगळे फॉस्टर केअर म्हणतात त्यात, असलेल्या मुलीला गेल्या मंगळवारी जिल्ह्याच्या बालगृहात नेलं. आदेशाची मुदत वाढवून तिला परत पाठवावं. पुढचं वाचायला वेळ झाला नाही तरी चालेल, एवढं तेवढं करा.

मुलीचं नाव लिहीत नाही. बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ मनाई करतं, आणि कायदा पाळायची सवय आमच्यासारख्यांनाच असते. तिची आई बाळंतपणात गेली. बाप ऊसतोडीला जातो, दिवाळी झाली की कोयता घेऊन थेट कर्नाटकापर्यंत. दारू पितो. पण पट्टा पडला, म्हणजे तोडीचा हंगाम संपला, की पोरीला भेटायला येतो, येताना चिवड्याची पुडी आणतो, ओट्यावर बसून राहतो आणि आत या म्हटलं तर लाजतो. वाईट माणूस नाही. त्याच्याच्यानं निभत नाही, इतकंच.

मला जो भेटेल तो विचारतो, "सिस्टर, एवढा जीव लावता तर दत्तकच का नाही घेतली?" यात आपल्या खात्यातले लोकही आले, म्हणून इथं लिहिते. दत्तक जायला मूल कायद्यानं मोकळं व्हावं लागतं. हिचा बाप जिवंत आहे, त्यानं सही करून तिला सोडलेलं नाही, आणि का सोडावं? गरीब आहे म्हणून बापपण सरकारजमा करायचं का? मला तिची आई व्हायचं नव्हतं. मावशी म्हणायची ती मला, तेवढं पुष्कळ होतं. बापाचं बस्तान बसेपर्यंत तिला घरात दोन वेळचं गरम जेवण मिळावं, शाळा सुटू नये, यासाठीच तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यात प्रतिपालकत्वाचं कलम ४४ घातलंय ना?

दत्तकासाठी रांग लागलेली आहे, तो आकडा तुम्ही भाषणात सांगता. संसदीय समितीच्या २०२२ च्या अहवालात डिसेंबर २०२१ चे आकडे आहेत. नोंदणी केलेले पालक जवळजवळ २८ हजार, दत्तक संस्थांतली मुलं सात हजारांच्या घरात आणि त्यातली कायद्यानं मोकळी अडीच हजारही नाहीत. आणि संस्थांमधली एकूण मुलं? केंद्रानंच मोजणी करून घेतली होती, २०१८ ला अहवाल आला. ९,५८९ संस्था आणि ३ लाख ७० हजार मुलं. यातल्या कितीतरी जणांची आई नाहीतर बाप कुठंतरी आहे. ती ना अनाथ, ना घरची. अनाथांना नोकरीत आणि शिक्षणात एक टक्का समांतर आरक्षण दिलंत, २०१८ मध्ये, चांगलंच केलंत. पण हिचा बाप उसाच्या फडात उभा आहे, म्हणजे ही तुमच्या त्या रकान्यात बसत नाही. दत्तकाच्याही नाही. मग कुठल्या रकान्यात बसवायची?

केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ३५ ते ६० वयाच्या एकट्या माणसालाही मूल सांभाळायला परवानगी दिली. मी पेपरात वाचलं आणि अर्ज केला. कार्यालयात सांगितलं, "एकट्या बाईला देत नाहीत." सूचनांची प्रिंट मीच काढून नेली, तेव्हा साहेबांनी ती पहिल्यांदा पाहिली. गृहभेटीला आलेल्या मुलीनं विचारलं, घरात पुरुष कोण? तिचा राग नाही. कंत्राटी आहे बिचारी, पगार दोन-दोन महिने लांबतो, अख्ख्या जिल्ह्याच्या गृहभेटी तिच्याच डोक्यावर. शेजाऱ्यांनी मात्र पुरुषाचं विचारलं नाही, त्यांनी मुलीची जात विचारली.

शेवटी आदेश मिळाला, एका वर्षाचा. पोरगी आली तेव्हा भाकरी उशीखाली लपवायची. रात्रीच्या ड्यूटीवरून येऊन मी चादर झटकायची तर वाळलेले तुकडे पडायचे. रागावले नाही. डबा भरून तिच्या उशाशी ठेवायला लागले, पावसाळा संपेपर्यंत ते आपोआप थांबलं. बे ते तीस पाढे घोकून घेतले, केसांतल्या उवा काढल्या, रेबीजची लस दिली (बालगृहात असताना कुत्रं चावलं होतं, तेही मलाच कळलं). तिला ताप आला तेव्हा बालसंगोपन रजा मागितली. ती अपत्यासाठी असते, हे तुमचं अपत्य नव्हे, असा शेरा मारून अर्ज परत आला. रजेचं नाव काय, तर बालसंगोपन! मग मैत्रिणींशी ड्यूट्या बदलून घेतल्या, त्या फेडताना दिवाळी वॉर्डात गेली. माझा बीपी वाढला, गोळी सुरू झाली. हे रडगाणं नाही. पण कुणीतरी हिशोब मांडावा म्हणून लिहिते, कारण तुमच्या वहीत फक्त चार हजार रुपये लिहिलेले असतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून प्रतिपालकत्वातल्या मुलासाठी महिन्याला चार हजार, जे सुरुवातीचे काही महिने आले आणि मग "वरून निधी नाही" म्हणून बंद झाले. मी मागायलाही गेले नाही.

कायदा म्हणतो, बाल कल्याण समितीनं, म्हणजे हे आदेश काढणाऱ्या जिल्ह्याच्या समितीनं, फॉस्टर कुटुंबाची दरमहा पाहणी करावी. माझ्याकडे समितीचं कुणी फिरकलं नाही. मी माहिती अधिकारात विचारलं की आपल्या जिल्ह्यात प्रतिपालकत्वात किती मुलं आहेत. उत्तर आलं : "सदर माहिती निरंक." म्हणजे शून्य. ते पाकीट फोडलं तेव्हा ती निरंक माहिती माझ्या स्वयंपाकघरात बसून पोह्यांतले शेंगदाणे वेचून खात होती.

मुदतवाढीचा अर्ज मी मुदतीच्या कितीतरी आधी दिला होता. खात्याच्या जिल्ह्यातल्या बैठकीत वरिष्ठांनी माईकवरून सांगितलं होतं की एकाही मुलाचा आदेश कागदावाचून अडणार नाही. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. मग समितीची मुदत संपली. नवीन नेमणुका नाहीत. शेजारच्या जिल्ह्याच्या समितीकडे चार्ज दिला, ती इथं आठवड्यातून एकदा बसते. बसते म्हणजे, बसायची असते. महिन्यात किमान वीस दिवस बैठक असं कायद्यात लिहिलंय. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. पण सातबाऱ्यावरची नोंद थांबते, नऊ वर्षांचं लेकरू कसं थांबवायचं? मुदत संपली आणि पत्र आलं की आदेश अस्तित्वात नसल्याने बालिकेस हजर करावे. वाचनालयाचं पुस्तक आहे का ती, तारीख उलटली की जमा करा म्हणायला?

गाडी आली. तिच्या वस्तूंची यादी करून माझी सही घेतली. पोरीनं दप्तर स्वतः भरलं, तिला सवय आहे. भरता भरता विचारलं, "पुस्तकं नेऊ का ठेवू?" सोबत आलेल्या बाई म्हणाल्या, ने बाळा, आदेश आला की येशील. चौथीचं दुसरं सत्र अर्धं झालंय. आता शाळा वेगळी, बाई वेगळ्या, मैत्रिणी वेगळ्या. फडातून बापाचा फोन आला, त्याला काय सांगायचं ते मला कळवा. मी फक्त म्हटलं, खेळायला गेलीय.

मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे तत्त्व तुमच्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये आहे. प्रत्यक्षात तो पहिला उपाय आहे आणि मधलाही. का, ते मला कळून चुकलंय. बालगृह दिसतं. त्याचं उद्घाटन होतं, मुलामागे अनुदान असतं, साहेबांच्या वाढदिवसाला तिथं फळवाटप करता येतं. माझ्या दोन खोल्यांत कशाचं उद्घाटन करणार? फोटोही काढता येत नाही, कलम ७४ आडवं येतं! महाराष्ट्राची बालसंगोपन योजना १९७५ पासूनची. मूल संस्थेत न जाता कुटुंबात वाढावं म्हणूनच ती काढली होती ना? आज ती महिन्याला २,२५० रुपयांच्या अर्जांपुरती उरलीय आणि ते पैसेही वेळेवर नाहीत. एकल आयांना विचारा.

पैसा आणि माणसं नाहीत, हे आता मला सांगू नका. याच खात्यानं २०२४ च्या जुलैत लाडक्या बहिणींचे अर्ज घेतले आणि ऑगस्टमध्ये पैसे खात्यात टाकले. दोन कोटींवर बायका, त्याच अंगणवाडी सेविका, तेच कर्मचारी. मनात आलं की तुमची यंत्रणा किती पळते ते आम्ही पाहिलंय. निवडणूक नोव्हेंबरात होती. नऊ वर्षांच्या मुलीचं नाव मतदार यादीत यायला अजून नऊ वर्षं आहेत, तोवर ती अठराची होऊन बालगृहाच्याही बाहेर पडलेली असेल.

तर, समितीवर माणसं नेमा, नेमेपर्यंत चार्जवाल्यांना रोज बसवा. मुदतवाढीचा अर्ज वेळेत आलेला असेल तर निर्णय होईपर्यंत मूल आहे त्या घरातच राहील, असं दोन ओळींचं परिपत्रक काढा. फॉस्टर पालकांना रजा लागू करा. आणि माझ्या मुलीचा (हो, लिहिला हा शब्द, घ्या काय आक्षेप घ्यायचा तो) आदेश या आठवड्यात काढा. परीक्षा जवळ आलीय.

आपली,
एक स्टाफ नर्स, प्रतिपालक (आदेशाची मुदत संपलेली)

प्रत माहितीसाठी :
१) मा. जिल्हाधिकारी. याआधीच्या अर्जांची पोच आहे, उत्तर नाही.
२) बाल कल्याण समिती. नेमल्यावर देण्यात येईल.