रत्नागिरीच्या मॅडमना, मनापासून

आदरणीय मॅडम,

हे पत्र उघडपणे लिहितेय, कारण तुम्ही मला जे सांगितलंत ते कोकणातल्या इतर बालरोगतज्ज्ञांनाही कळायला हवं.

कुडाळच्या माझ्या दवाखान्यात पोटदुखीची मुलं येतात. सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल, आणि दुखणं फक्त शाळेच्या दिवशी. वडील मुंबईला, आई घाबरलेली, आजीने देवाला गाऱ्हाणं घातलेलं. या मुलांसाठी मला बालमानसोपचार शिकायचा होता. पण बालरोगात एमडी झालेल्याने जायचं कुठून? ज्याला विचारावं तो म्हणे, "एखादी फेलोशिप कर."

तुम्ही तुमची मानसोपचाराची ओपीडी संपल्यावर मला बसवून घेतलंत आणि सगळं कागदावर मांडलंत. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत बाल व किशोर मानसोपचाराचं ३ वर्षांचं डीएम, म्हणजे एमडीच्या पुढची पदवी, आहे, पण त्याला मानसोपचारातली एमडी किंवा तिच्या बरोबरीची डीएनबी लागते, बालरोगाची चालत नाही. म्हणजे पुन्हा नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेश परीक्षा, मानसोपचाराची ३ वर्षं आणि मग डीएम. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांना ३ वर्षांत प्रौढ आणि बाल असे दोन्ही मानसोपचार शिकवणारे कार्यक्रम आहेत. बालरोगासकट तिन्ही विषयांचा ५ वर्षांचा 'ट्रिपल बोर्ड'ही आहे. आपल्याकडे तशी जोडवाट नाही. विकासात्मक बालरोगशास्त्राची फेलोशिप केली तर स्वमग्नता, उशिरा बोलणं हे लवकर ओळखता येईल, पण "तेवढ्याने तू मानसोपचारतज्ज्ञ होणार नाहीस," हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. चाळिशीकडे झुकलेल्या बाईला हे ऐकवायला धीर लागतो. आणि काय कर, हे मात्र एकदाही सांगितलं नाहीत.

शनिवारी तुमच्या ओपीडीत बसू दिलंत, त्याचे आभार कसे मानू? आईला जरा बाहेर थांबायला सांगून मुलाशी एकट्याने बोलायचं, हे मी तिथे शिकले. मोठ्या मुलीला मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हेही. मनोरुग्णालयाचं नाव काढलं की उठून निघणाऱ्या घरांना मी आता निदान टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून देते.

मॅडम, मी नीट-पीजीला बसतेय. दवाखाना माझे यजमान सांभाळतील, तेही बालरोगतज्ज्ञच आहेत. सीट मिळाली की पहिला फोन तुम्हाला करेन. नाही मिळाली तरी शनिवारी येऊ द्या.

आपली विद्यार्थिनी,
कुडाळ