या वर्षी काहीतरी वाढव गो बाय

डिचोली
३१ डिसेंबर

प्रिय बाय,

काल फोनवर तू संकल्पांची यादी वाचून दाखवलीस तेव्हा बाबा बाजूलाच बसले होते, फोन ठेवल्यावर म्हणाले पोरीच्या यादीत सगळं कमीच करायचंय, वाढवायचं एकपण नाही. आणि खरंच गो, साखर कमी, वजन कमी, मोबाईल कमी, खर्च कमी, झोप तर एवढी कमी की पहाटे पाचला जिम. जिमला जा, मी नको म्हणत नाही, तब्येत सांभाळलीच पाहिजे, पण अख्खं वर्ष कशाची ना कशाची काटछाट करत राहायचं आणि फेब्रुवारीत ते जमलं नाही की तोंड पाडून बसायचं, याला काही अर्थ आहे का. संकल्प असा करावा की तो पाळताना माणूस खूश झाला पाहिजे. म्हणून मुद्दाम कागद पेन घेऊन बसलेय, फोनवर तू हो आई हो आई करून विषय बदलतेस.

तुझ्या यादीत कानातली नाहीत, ते मला सगळ्यात जास्त लागलं. मागच्या वेळी विचारलं तर म्हणालीस बंद केलं आता, फिनिशिंग प्रोफेशनल येत नाही, आणि विकायचं नाही तर एवढा वेळ कशाला घालवायचा. हे कोणी तुझ्या डोक्यात घातलं ते माहीत नाही. पण मातीची ती लाल कानातली, ज्यांच्यावर तू टाचणीच्या टोकाने अबोलीच्या पाकळ्या काढल्या होत्यास, ती मी घालून गेले की बाजारात दोन जणी तरी थांबवून विचारतात कुठून घेतलीस. मी सांगते लेकीने केलीत. ते सांगताना मला जे वाटतं ना, ते कुठल्याच शोरूममधून मिळणार नाही.

आणि विकायचं नसेल तर करायचंच कशाला, हा प्रश्न आपल्या गोव्यात वाढलेल्या मुलीने विचारावा? हे लिहितेय आत्ता वाड्यावर पोरांची नुसती धमाल चाललीय, ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, तयार झालाय, कोणाच्या तरी आजोबांची पँट, आत गवत आणि जुने कपडे कोंबलेले, तोंडाला रंगवलेला मुखवटा आणि ओठात विडीसुद्धा. रस्त्यात दोरी आडवी धरून गाड्या अडवतात आणि पैसे मागतात, आणि आज रात्री बारा वाजता त्याला पेटवून मोकळे. दिवाळीत नरकासुराचं तसंच, कितीतरी रात्री जागून बांबू, कागद, रंग, आणि चतुर्दशीच्या पहाटे राख. चवथीच्या माटोळीचं घे, बाबा आणि काका रानात फिरून काय काय आणतात, कवंडळं, कांगल्या, सुपाऱ्यांचे घोस, ते सगळं सुंभाने बांधून गणपतीच्या डोक्यावर केवढी नक्षी उभी राहते, आणि विसर्जनानंतर सोडून टाकायची. यातलं काहीच विकत नाहीत आणि जपून पण ठेवत नाहीत, तरी दर वर्षी तेवढ्याच हौसेने करतात, आणि जो तो दुसऱ्या वाड्यावरचं बघायला जातो. हौस हे कारण पुरेसं आहे, बाय.

आता माझे संकल्प सांगते. पहिला तर सुरू पण झालाय. शेजारच्या वहिनीची सून आलीय ना मे महिन्यात, तिची पहिली संक्रांत, तर तिच्यासाठी हलव्याचे दागिने मी आणि मामी घरी करायचे ठरवलंय. सगळ्यांनी सांगितलं बाजारात रेडीमेड सेट मिळतो, बॉक्समध्ये पॅक, कशाला त्रास. मिळतो, पण त्यात बऱ्याचदा हलवा कमी आणि प्लास्टिकचे मोती जास्त असतात, आणि मला तो काटा स्वतः आणायचा आहे.

तुला हे कधी नीट सांगितलंच नाही बहुतेक. खसखस, तीळ, साबुदाणा, ज्या आकाराचा दाणा हवा ते घ्यायचं, परातीत अगदी मंद आचेवर ठेवायचं, आणि साखरेचा पाक चमच्याने थोडा थोडा, म्हणजे अगदी थोडा, घालत बोटांनी सतत फिरवत राहायचं. एक चमचा सुकला की मग दुसरा. घाई करून पाक जास्त पडला की दाणे एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात. आच वाढली की साखर पिवळी पडते. पहिल्या दिवशी तर काहीच होत नाही असं वाटतं, नुसते पांढरट दाणे. दुसऱ्या तिसऱ्या दिवशी बोटांना खरखर लागायला लागते आणि मग एकदम दिसतं की दाण्याला बारीक बारीक टोकं फुटलीत, एखाद्याला चार, एखाद्याला सात, कुठलेच दोन सारखे नाहीत. हवा कोरडी आणि गार असली की काटा छान येतो, म्हणून आपल्याकडे पहाटेच करावं लागतं, दुपारी समुद्राकडचं वारं आलं की दमट होऊन सगळं नरम. तर मी आणि मामी पहाटे पाचला उठतो, बघ, तुझा जिमचा टाइम आणि आमचा हलव्याचा टाइम एकच.

खसखशीचा बारीक हलवा नथीला आणि तन्मणीला, तिळाचा बांगड्यांना आणि बाजूबंदाला, साबुदाण्याचा जाड तो हाराला आणि कमरपट्ट्याला. काल नथ केली. तारेचा वाक काढला, त्यावर दोऱ्याने दाणे बांधत गेले, मध्ये एक लाल मणी. दाण्याचा काटा न मोडता दोरा कसायचा हे फार अवघड आहे, अंगठ्याने दाबलंस तर संपलं, नखाच्या कडेने दोरा ओढून घ्यायचा. काळ्या चंद्रकळेवर हे पांढरं शुभ्र सगळं घालून ती पोर पाटावर बसेल ना, मला आत्ताच डोळ्यासमोर दिसतंय. आणि दुसऱ्या दिवसापासून वाड्यावरची मुलं त्या हारातला एकेक दाणा तोडून खाणार.

दुसरा संकल्प, कपाटात ठेवलेलं वापरायचं. कुणबी साडी आहे माझी, लाल चौकड्यांची, कोलवाळच्या फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सने तो प्रकार परत मागावर आणला आणि फॅशन शोपर्यंत नेला म्हणून आज ती आपल्याला मिळते तरी, नाहीतर ते विणकाम जवळजवळ संपलंच होतं. शेतात काम करणाऱ्या बायका ती गुडघ्यापर्यंत नेसून खांद्यावर गाठ मारायच्या, चिखलात उभ्या राहून लावणी करायच्या, म्हणजे ती साडी कामाचीच. आणि मी ती लग्नाकार्याला म्हणून घडी करून ठेवू? नाही, यंदा बँकेत नेसून जाणार, पोस्टात नेसून जाणार, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तर नक्की.

तू पण कर हे. ते ऑक्सिडाइज्डचे झुमके, चांदीचे टॉप्स, तुझ्या मावशीने दिलेलं शिंपल्याचं पेंडंट, सगळं डबीत आहे ना? शुद्ध चांदी फार मऊ म्हणून दागिन्यात ९२.५ टक्के चांदी आणि बाकी बहुतेक करून तांबं घालतात, ती हवेतल्या गंधकाने काळी पडते, पण रोज अंगावर असली की घासली जाऊन उजळ राहते, डबीत उघडी पडून राहिली की जास्त काळवंडते. जे अगदीच घालत नाहीस ते झिपच्या पिशवीत हवा काढून ठेव आणि सोबत खडूचा तुकडा टाक, ओल धरत नाही. जानेवारीभर रोज वेगळं कानातलं, हा संकल्प घे की! पाळायला काही त्रास नाही, पैसे लागत नाहीत, आणि सकाळी आरशासमोर दोन मिनिटं बरं वाटतं. मीटिंगला झुमके चालत नाहीत असं कोणी लिहून दिलंय का?

तिसरा, हाताने केलेल्या वस्तूला घासाघीस करायची नाही. जानेवारीत पणजीत कला अकादमीच्या बाजूला लोकोत्सव भरतो, देशभरातले कारागीर येतात, आणि मी तिथे बघते, जी माणसं मॉलमध्ये छापील किमतीला मान खाली घालून कार्ड देतात तीच तिथे लाखेच्या बांगडीसाठी वीस रुपयांवरून भांडतात. कुंकळ्ळीच्या चितारींचं काम बघितलंयस तू, लाकूड गरगर फिरत असतं, त्याला लाखेची रंगीत कांडी टेकवली की घासून जी ऊब येते तिनेच लाख वितळून लाकडावर बसते, हात जरा हलला की रेघ वाकडी. तो हात तयार व्हायला किती वर्षं गेली असतील, त्याचा भाव आपण कसा पाडणार. परवडत नसेल तर लहान वस्तू घ्यायची, किंवा नुसतं बघून छान म्हणायचं, त्यानेही कारागिराचं तोंड फुलतं. तू बारकी असताना अशा स्टॉलवर तासन्‌तास उकिडवी बसायचीस आणि हे कसं केलं, ते कसं केलं असं विचारून त्या लोकांना सोडायची नाहीस, ती सवय मात्र परत आण.

बाबांचा संकल्प करवंट्यांचा आहे. नारळ आपल्याकडे रोजच फुटतो, तर यंदा करवंटी फेकायची नाही म्हणे, पॉलिश पेपरने घासून घासून वाट्या करायच्या आणि बांबूचा दांडा लावून दवले, म्हणजे वाढायच्या पळ्या. एक झालाय, खोबरेल तेल चोळल्यावर काय रंग आलाय त्याला, काळसर चॉकलेटी, आत नारळाच्या मूळच्या रेघा. सोलकढी त्यानेच वाढतोय आम्ही आता.

एक गोष्ट तुला दाखवायची फार इच्छा आहे. पेडण्याकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीचं काम आहे. चुन्याचा पांढरा गिलावा, त्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर, आणि तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने तांबडं खरवडून खालचं पांढरं बाहेर काढायचं, वेली, फुलं, मोर, देव. दोनच रंग. आणि ओला आहे तोवरच, सुकलं की हात लावता येत नाही, चुकलेली रेघ तशीच भिंतीवर राहते. जवळ जाऊन बघितलंस की कुठे कुठे पाकळी एका बाजूला जाड झालेली दिसते, वेल जरा भरकटलेली दिसते, आणि मला तर तिथेच तो माणूस उभा असल्यासारखं वाटतं. कोणी त्याला फिनिशिंग विचारलं नसेल. तुझ्या त्या लाल कानातल्यात पण डावीकडची पाकळी उजवीपेक्षा मोठी आहे, मला ती तशीच आवडते, दोन्ही सारख्या करायच्या तर साचा आहेच की बाजारात.

म्हणून तुझ्या यादीत एवढंच वाढव. महिन्याला एक जोडी कर, कोणासाठी तरी किंवा स्वतःसाठी, फोटो टाकलास तर टाक, नाही टाकलास तर राहू दे. माती घाई करून उन्हात वाळवू नकोस, सावलीतच, नाहीतर तडा जातो हे तुला माहीतच आहे. इथे कुंभाराच्या भट्टीत भाजून घेऊ, आपली डिचोली मातीकामाचीच, तुला पुण्यात भट्टी शोधायची गरजच नाही, कच्ची करून डब्यात कापसात घालून घेऊन ये.

संक्रांतीला सुट्टी मिळते का बघ, १४ तारखेच्या आधी एक दिवस आलीस तर मुकुट आणि कमरपट्टा तुझ्या हातचा होईल, मामीची नजर आता बारीक कामाला पुरत नाही आणि माझ्याने त्या कड्या नीट बसत नाहीत, कडी ओढून फाकवायची नाही, एक टोक आपल्याकडे आणि एक पलीकडे वळवायचं, हे तूच शिकवलेलं, पण तुझ्याइतकं सफाईने जमत नाही. येताना तुझी ती बारीक टोकाची पक्कड नक्की आण. इथल्या हार्डवेअरमध्ये मिळाली ती जाड आहे, तिने तार दाबली की वळ उठतो. आणि नव्या सुनेच्या बांगडीचं माप दोन सहा आहे, तुझंही तेच, म्हणजे घालून बघायला तू हवीसच.

तुझी,
आई

ता. क. बाबा विचारतायत एक दवला तुला ठेवू का, पुण्यात सोलकढी करतेस का कधी?