‘पिल्लांनाही रोज द्या’ एवढं वाक्य मागे घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘कुत्र्यासाठी घरचा मासे-भात’ ही पाककृती वाचली. बिनकाट्याचा पांढरा मासा, तेवढाच भात, दोन चमचे किसलेलं गाजर, वरून तेलाची धार. शेवटी ठळक अक्षरांत, ‘रोज द्या, पिल्लांनाही रोज द्या, विकतच्या खाद्याची गरजच नाही.’ मी हे वाचत होते तेव्हा आमची ठकी पायाशी पसरली होती. तिचे पुढचे दोन्ही पाय कोपराखाली बाहेरच्या बाजूला वाकलेले आहेत. जवळजवळ हीच पाककृती मी तिला लहानपणी तीन महिने घातली, त्याचे ते पाय.

ठकी आता नऊ वर्षांची आहे. आणली तेव्हा दोन महिन्यांची होती, कातडी कोरडी आणि केस विरळ. माशाने केस चकाकतात असं कुणीतरी सांगितलं. ते खोटं नव्हतं. तेलकट माशांतली ओमेगा-३ मेदाम्लं कुत्र्याच्या कातडीला आणि सांध्यांना उपयोगी पडतात, आणि जवसाच्या तेलापासून ती घडवणं कुत्र्याच्या शरीराला फारसं जमत नाही. पण तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पिल्लाच्या घशात काटा अडकता कामा नये, एवढंच डोक्यात.

त्यामुळे काटे काढण्याचं काम मी व्रत घेतल्यासारखं करायचे. उकडलेला मासा ताटात पसरायचा, चष्मा चढवायचा आणि भुवयांचा चिमटा घेऊन एकेक काटा उपसायचा. केसासारखे बारीकसुद्धा सोडायचे नाहीत. मग सगळा गर बोटांनी चाचपून पुन्हा एकदा बघायचा. अर्धा तास जायचा. शेजारच्या वाटीत काट्यांचा ढीग झाला की आपण फार दक्ष आहोत असं वाटायचं. पिल्लाला जे हवं होतं, ते मी रोज त्या वाटीतून केरात टाकत होते.

पाचव्या महिन्यात ठकी लंगडायला लागली. आधी एका पायाने, मग नेमका कुठला पाय दुखतोय ते कळेनासं झालं. पायरी उतरेना. उचलायला गेलं की कळवळायची. वजन मात्र चांगलं होतं आणि केस तर आरशासारखे. रक्त तपासलं तर कॅल्शियम बरोब्बर आलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मग डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि उजेडासमोर धरला. हाडं पांढरीशुभ्र दिसायला हवीत, तिथे हाड आणि मांस जवळजवळ एकाच राखाडी रंगाचं. एका पायात, ओली फांदी मोडताना अर्धवट चिरफाळते तशी चीर.

“हिच्या खाण्यात कॅल्शियम कुठून येतं?” डॉक्टरांनी विचारलं.
“रोज मासे खाते की.”
“काट्यांसकट?”

मी एकतीस वर्षं हिशेबखात्यात काढली आहेत, त्यामुळे त्यांनी पुढे जे सांगितलं ते मला फार समजवावं लागलं नाही. रक्तातलं कॅल्शियम ही गल्ल्यातली रोकड. ती कमी पडून चालतच नाही, कारण हृदय आणि स्नायू तिच्यावर चालतात. खाण्यातून जमा झालं नाही, की गळ्यातल्या चिमुकल्या परावटू ग्रंथी हाडांची ठेव मोडून गल्ला भरतात. म्हणून रोकड मोजणाऱ्याला सगळं आलबेल दिसतं आणि ठेव आतून रिकामी होत जाते. मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत हे उघडकीला यायला बराच काळ लागतो. पिल्लाची हाडं अजून बनतच असतात, तिथे काही आठवडे पुरतात.

आता तुमच्या पाककृतीचा ताळेबंद मांडते. ३०० ग्रॅम शिजवलेला बिनकाट्याचा पांढरा मासा आणि ३०० ग्रॅम भात घेतला, तर साधारण ७०० उष्मांक मिळतात. त्यात कॅल्शियम १०० मिलिग्रॅमच्या आत आणि फॉस्फरस त्याच्या निदान सहापट. खरं तर कॅल्शियम फॉस्फरसच्या बरोबरीने तरी हवं, दुपटीपर्यंत चालतं. वाढत्या पिल्लाला दर १००० उष्मांकांमागे सुमारे ३ ग्रॅम कॅल्शियम लागतं, म्हणजे या ताटात २ ग्रॅम तरी असायला हवं होतं. आहे त्याच्या विसाव्या हिश्शाइतकं. गाजराने यात काय फरक पडणार?

आणि हे एकट्या कॅल्शियमचं रडगाणं नाही. २०१३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी पुस्तकांतून आणि इंटरनेटवरून कुत्र्यांच्या घरगुती खाण्याच्या २०० पाककृती गोळा करून तपासल्या. ९५ टक्के पाककृतींत एक तरी आवश्यक घटक कमी होता, आणि बहुतेकींत एकाहून जास्त. जस्त, तांबं, ई जीवनसत्त्व ही नावं पाककृती लिहिणाऱ्याच्या मनातही येत नाहीत, कारण ती कमी पडली म्हणून ताट काही बेचव लागत नाही. तेलकट मासा रोज घालायचा तर ई जीवनसत्त्वाची गरज उलट वाढते.

पाककृतीशेजारच्या चौकटीत आणखी एक सल्ला होता. ‘डोकी आणि शेपट्या कच्च्याच घाला, निसर्गात चूल कुठे असते?’ वाक्य टाळ्या घेणारं आहे. पण १९३२ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, केसाळ कातडीसाठी कोल्हे पाळणाऱ्या चॅस्टेक नावाच्या माणसाचे कोल्हे असाच कच्चा मासा खाऊन आजारी पडले. आधी खाणं सोडलं, मग पाय ताठरले, मग लुळे होऊन मेले. कार्पसारख्या काही माशांत थायमिनेज नावाचं विकर असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं, असं पुढे लक्षात आलं. त्या आजाराला आजही चॅस्टेकचं नाव आहे. शिजवलं की हे विकर निकामी होतं. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर तर कच्चा सामन मासा खाऊन कुत्री दगावतात. माशातल्या एका सूक्ष्म कृमीबरोबर जिवाणू येतो आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर बहुतेक कुत्री वाचत नाहीत. तिथेही चुलीनेच भागतं. कोल्ह्याला चूल नव्हती हे खरं, पण त्याला पिंजऱ्यात बसवून रोज एकच मासा वाढणारंही निसर्गात कुणी नव्हतं.

एका बाबतीत मात्र चूलही हात टेकते. ‘उरलेला, जरासा वास येणारा मासा कुत्र्याला चालतो’ हे मी कितीतरी घरांत ऐकलं आहे. बांगडा, तारली, कुपा असे मासे उबेत राहिले की त्यांच्यात जिवाणूंमुळे हिस्टामिन तयार होतं, आणि ते कितीही उकळलं तरी जात नाही. जो मासा आपण स्वतः खाणार नाही, तो कुत्र्यालाही नको.

‘चवीपुरता कांदा-लसूण चालेल’ हेही छापायला नको होतं. दोन्हींमुळे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. कच्चा, शिजवलेला, वाळवून दळलेला, कांदा कुठल्याही रूपात वाईट, आणि पूड सगळ्यात वाईट कारण ती चिमूटभर दिसते. त्रास लगेच दिसत नाही, काही दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात, तोवर कांदा कुणाच्या लक्षातही राहिलेला नसतो. कुत्र्याला चव लागावी म्हणून मसाला घालणाऱ्यांचं मला नेहमी नवल वाटतं. मासा उकडल्याचा वास आला की ठकी दाराआड नाक लावून उभी असते, तिला आणखी कसली चव हवी?

ठकी बरी कशी झाली, तेही सांगते. औषध जवळजवळ नव्हतंच. वाढत्या पिल्लांसाठीचं संपूर्ण खाद्य, विकतचंच, आणि सहा आठवडे छोट्या आडोशात सक्तीची विश्रांती. मी धास्तीने कॅल्शियमच्या गोळ्याही सुरू करायला निघाले होते. डॉक्टरांनी त्या काढून घेतल्या. जादा कॅल्शियमही वाढत्या हाडांचा घात करतं, विशेषतः मोठ्या जातीच्या पिल्लांच्या. हाडं भरून आली, चीर सांधली. बाक राहिला तो राहिलाच.

हे सगळं वाचून, बाई घरच्या खाण्याच्या विरोधात दिसतात, असं कुणी म्हणेल. तसं नाही. ठकी मोठी झाल्यावर मी पुन्हा शिजवायला लागले, पण पशुआहार शिकलेल्या डॉक्टरांकडून तक्ता करून घेऊन. त्यातली वजनं मुद्दाम इथे देत नाही. ती १४ किलोच्या, धडधाकट मूत्रपिंडाच्या एका कुत्रीसाठी आहेत, आणि पाककृती उचलून जशीच्या तशी लावण्याची खोडच तर मला मोडायची आहे. कृती तेवढी सांगते.

मासा लहान घेते, तारली मिळाली तर उत्तम. लहान मासा थोडं जगतो आणि किडूकमिडूक खातो, म्हणून त्याच्यात पारा कमी साठतो. शार्क, तलवारमासा, मोठा कुपा यांच्या वाटेला जात नाही. पोट साफ करून, डोकं काढून, काट्यांसकट मासा थोड्या पाण्यात कुकरमध्ये ठेवते. मीठ नाही, तेल नाही. दाब धरला की आच बारीक करून तासभर. नुसत्या उकडण्याने काटा मऊ होत नाही, उलट टोकदार राहतो. डब्यातल्या माशाचे काटे मऊ असतात तेही दाबाखालच्या उष्णतेनेच. कुकर उघडला की सगळ्यात जाड मणका शोधते आणि चिमटीत धरते. नुसतं दाबल्यावर ओल्या खडूसारखा त्याचा भुगा व्हायला हवा. बोटाला जरा जरी टोचलं, तरी झाकण परत. भुवयांचा चिमटा त्या दिवसापासून भुवयांकडेच आहे.

मग त्यात गळून शिजलेला भात, उकडलेला लाल भोपळा, तक्त्यात असेल तेवढं तेल, आणि मिश्रण कोमट झालं की डॉक्टरांनी दिलेली खनिजं-जीवनसत्त्वांची पूड. प्रत्येक जिन्नस वजनकाट्यावर, कारण वाटी हे माप ज्याच्या त्याच्या वाटीएवढं असतं. दोन दिवसांचं फ्रिजमध्ये, बाकीचं लगेच बर्फाच्या कप्प्यात. काट्यांसकट मासा नसेल त्या दिवशी अंड्याचं टरफल. उकळून, वाळवून, पिठासारखं दळलेलं. चहाच्या सपाट चमचाभर पुडीत साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं, ठकीच्या आकाराच्या पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला दिवसाला अर्धा चमचा पुरतो. पिल्लांसाठी हे प्रमाण कुणी वापरू नये.

ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांनी नेहमीचं संपूर्ण खाद्य चालू ठेवून आठवड्यातून दोनदा वर चमचाभर शिजवलेला मासा घालावा. दिवसाच्या उष्मांकांच्या दहाव्या हिश्शाच्या आत राहिलं तर हिशेब बिघडत नाही, आणि केस तसेच चकाकतात.

तुमच्या पुरवणीवर माझा राग नाही. पाककृती पाठवणाऱ्यांचं कुत्रं मोठं असेल, इकडचं तिकडचं खाऊन भागवत असेल, त्यांना वाईट अनुभव आला नसेल. पण आपल्या छापील शब्दावर लोक विश्वास ठेवतात. यंदा कुणाच्या तरी घरी दोन महिन्यांचं पिल्लू आलेलं असणार आणि ती पाककृती फ्रिजच्या दारावर चिकटलेली असणार. येत्या रविवारी, त्याच पानावर, तेवढ्याच ठळक टायपात दोन ओळी छापाव्यात ही विनंती. पिल्लांना हे जेवण देऊ नये. मोठ्या कुत्र्यांनाही, पशुवैद्यकाकडून तक्ता करून घेतल्याशिवाय, रोज देऊ नये.

आपली,
ठकीची मालकीण, एक सेवानिवृत्त हिशेबनीस

ता. क. मासा गळाने धरलेला असेल तर कुकरमध्ये टाकण्याआधी तोंड आणि घसा उघडून बघावा. मला एकदा आत मोडलेला गळ सापडला आहे.