लाल टोपणाच्या सुया मी काढून ठेवल्यात

चि. सौ. अश्विनीस,
सांगलीहून आईचे अनेक आशीर्वाद.

तू सासरी पुण्याला गेलीस आणि मी तुझी बॅग उघडली. रागावू नकोस. कपड्यांच्या घडीत तू 'असू देत' म्हणून ठेवलेल्या लाल टोपणाच्या सुयांचं पाकीट होतं, ते मी काढून कपाटात ठेवलंय. तू ओमला घेऊन इंग्लंडला निघालीस, ते तिकडे जायचं नाही.

या सुया ओमच्या मधुमेहासाठी आपण वापरतो त्या 40 च्या इन्सुलिनच्या बाटलीसाठी असतात. एका मिलीत 40 युनिट. इंग्लंडात नेहमीचं इन्सुलिन 100 चं. उद्या रात्री-बेरात्री इन्सुलिनचं पेन बिघडलं, झोपेत तू तिथलं इन्सुलिन या सुईत दहाच्या खुणेपर्यंत ओढलंस, तर दहा नाही, पंचवीस युनिट जातील पोरात. अडीच पट. तुझ्या आणि माझ्या हाताला सहा वर्षांची सवय आहे आणि मला भीती या सवयीचीच वाटते.

दुसरं, इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकू नकोस. विमानाच्या पोटात थंडीनं गोठलं तर परत वितळून उपयोग नाही, आणि बॅगच हरवली तर मग काय? नितीनराव आधीच लीड्सला, म्हणजे तुम्ही दोघंच. अर्धं तुझ्या पर्समध्ये, अर्धं ओमच्या दप्तरात. डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र वरच्या कप्प्यात. रात्री नऊला देतेस त्या दिवसभर पुरणाऱ्या इन्सुलिनचं वेळापत्रक डॉक्टरांकडून कागदावर लिहून घे, कारण आपले रात्रीचे नऊ म्हणजे सध्या तिथली दुपारची साडेचार. ऑक्टोबर संपता संपता त्यांची घड्याळं मागे सरकतात, मग साडेतीन. बाबांनी हे मला दोनदा समजावलं, मला तिसऱ्यांदा कळलं.

रक्तातल्या साखरेचे आकडेही बदलणार, तिथलं माप वेगळं. ओम फोनवर 'आजी, 6.2' म्हणाला तर माझ्या पोटात गोळा यायला नको म्हणून फ्रिजवर कागद चिकटवलाय: 18 ने गुणायचं. 3.9 म्हणजे आपले 70, 10 म्हणजे 180. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट कुणी 53 सांगितला तर दचकू नकोस, आपलाच सात टक्के आहे तो.

बाकी तिथे पैशाचं ओझं कमी होईल असं दिसतं. व्हिसाबरोबर ओमचे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी वर्षाला 776 पौंड भरलेच आहेत, इंग्लंडात 16 वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं फुकट, आणि टाईप 1 मधुमेहाच्या मुलांना साखर मोजणारा सेन्सर द्यावा असं 2022 पासून त्यांच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. इथे दर पंधरा दिवसांनी सेन्सर घेताना तू कुठला खर्च मागे ढकलायचीस ते मला माहीत आहे, तू सांगितलं नाहीस तरी. पहिल्याच आठवड्यात जवळच्या डॉक्टरकडे नाव घाल. तरी तीन महिन्यांचा साठा बरोबर असू दे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. धाकट्या काकूंकडची मुंज आठवते? तू म्हणालीस ओम कुठे दिसत नाही, मी म्हटलं पोरांत खेळत असेल. मी शोधायला गेले. कार्यालयाच्या मागच्या बाथरूमला आतून कडी होती. हाका मारल्यावर उघडली. घामानं चिंब झालेला, हात लटलट कापत होते, मुठीत ग्लुकोजची पुडी आणि नव्या झब्ब्यावर सगळी पांढरी पूड. मीटरवर साखर उतरून 52. मी म्हटलं, अरे, मला का नाही हाक मारलीस? तर म्हणाला, 'तूच सांगितलंस ना आजी, लोकांसमोर खायचं नाही.'

सांगितलं होतं मी. शाळेनं पन्हाळ्याच्या सहलीला 'जबाबदारी कोण घेणार' म्हणून त्याला नेलं नाही, तेव्हा शेजारी पाजारी काय बोलतात म्हणून 'पोट दुखतं म्हणून सांग' हेही मीच शिकवलं. तुला हे आजवर सांगितलं नव्हतं. आत कडी लावून तो पडला असता तर, हा विचार अजून मध्यरात्री येतो.

म्हणून तिथे लपवू नका. तिथल्या सरकारी शाळांना आजारी मुलाची सोय करणं 2014 च्या कायद्यानं बंधनकारक आहे, म्हणजे तू कुणाच्या मिनतवाऱ्या करायला जाणार नाहीस. पण वर्गात पहिल्या दिवशी ओमनं स्वतः सांगू दे. तू बोलू नकोस, शेजारी उभी राहा.

त्याला जमेल. 2019 च्या पुरात चार वर्षांचा होता, आजार कळून तीनच महिने झालेले. आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांवर, गावभागात वीज नाही, फ्रिज बंद. आपण वरच्या मजल्यावर. मी बाटल्या स्टीलच्या डब्यात घालून रिकाम्या माठात ठेवल्या, माठाला ओलं फडकं गुंडाळलं. पावसाळी गारवा होता म्हणून निभावलं, माझी हुशारी काही नाही. नावेत बसताना तुझ्या कडेवरून तो ओरडला होता, 'आजी, माझा माठ!' नावेतल्या त्या अनोळखी माणसांना लाजला नव्हता. लाजायला नंतर आपण शिकवलं.

बॅगेत सुयांची जागा रिकामी झाली तिथे भडंगाच्या दहा पुड्या ठेवल्यात. तुझं नेहमीचं, लसूण जास्त. काट्यावर मोजून प्रत्येक पुडीवर 30 ग्रॅम लिहिलंय. ओमला सांग, हे भडंगाचं वजन आहे, कार्बचं, म्हणजे त्यातल्या कर्बोदकांचं नव्हे. शेंगदाणे वेगळे धरून हिशेब त्यानं करायचा आणि मला फोनवर सांगायचा. चुकला तर मी सांगेन, पण आधी त्यालाच काढू दे.

तुझी
आई