फुललेल्या झाडांची खबर वाचकांना मिळावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईला वसंत नाही, इथे थोडीशी थंडी सरली की थेट उन्हाळाच, असे आपण इतक्या वेळा ऐकतो की ते खरे वाटू लागते. शाळेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर गेली अकरा वर्षे मी माघापासून वैशाखापर्यंत दर आठवड्याला शहरातल्या कोणत्या ना कोणत्या सार्वजनिक बागेत जाते आणि तिथे जे फुललेले दिसते ते तारखेसह वहीत लिहून ठेवते. त्या वह्यांच्या आधारे मी सांगू शकते की वसंत इथेही दरवर्षी येतो, फक्त तो वाफ्यांत न येता झाडांवर येतो आणि त्यासाठी मान वर करावी लागते.

भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ साली खुले झाले ते वनस्पतींची बाग म्हणून. आज तिथे येणारी बहुतेक कुटुंबे दारातून थेट पेंग्विन पाहायला जातात. मुलांचा तो आनंद मला पूर्ण समजतो. पण त्याच आवारात थंडी ओसरताना उर्वशी फुललेली असते. मूळ म्यानमारच्या या झाडाच्या लाल फुलांचे लांब घोस फांद्यांवरून खाली झुलत असतात, त्यांतल्या पाकळ्यांच्या टोकांवर पिवळे ठिपके असतात आणि कोवळी तांबूस पालवीही गोंड्यांसारखी लोंबत असते. या झाडाला बी क्वचितच धरते, त्यामुळे ते बहुधा गुटी कलमानेच वाढवावे लागते आणि एखादे जुने झाड गेले तर त्याची जागा सहजासहजी भरत नाही. सीता-अशोकाची तऱ्हा आणखी निराळी. त्याचे गुच्छ जुन्या फांद्यांवर, कधी थेट खोडावर येतात, आधी पिवळे-नारिंगी आणि मग लाल होत जातात, आणि ज्यांना आपण पाकळ्या समजतो ती खरे तर रंगीत निदले, म्हणजे फुलाच्या बाहेरची एरवी हिरवी असणारी दले, असतात. सोसायट्यांच्या कुंपणालगत सरळसोट वाढणाऱ्या झाडालाच अशोक मानणाऱ्या मुलांना (आणि त्यांच्या पालकांनाही) हा खरा अशोक एकदा तरी दाखवायला हवा. कैलासपतीची सुगंधी फुलेही खोडातूनच फुटतात आणि त्यांतल्या पुंकेसरांचा फणा पाहून लहान मुले हटकून थबकतात.

शीव-धारावीच्या सीमेवर मिठी नदीच्या काठी असलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान तर पूर्वी शहराचा कचरा टाकला जाई त्या सदतीस एकर जागेवर उभे राहिले आहे, यावर तिथल्या सावलीत उभे राहिल्यावर विश्वास बसत नाही. मलबार हिलवरचे फिरोजशहा मेहता उद्यान पाण्याच्या टाकीवर वसवलेले असल्यामुळे तिथली शोभा मुख्यतः कातरलेल्या झुडपांची. दादर-माटुंग्याच्या पाच उद्यानांत मात्र मोठ्या झाडांखालून चालण्याचे सुख आहे.

आता माझी तक्रार. आमच्या भागातल्या एका बागेत काटेसावरीचे जुने झाड आहे. फेब्रुवारीत ते निष्पर्ण होऊन फुलते तेव्हा कावळे, साळुंक्या, बुलबुल यांची त्यावर पहाटेपासून गर्दी असते आणि खाली मांसल लाल फुलांचा सडा पडतो. बाग उघडण्याआधीच तो सडा खराट्याने गोळा होऊन कचऱ्याच्या गाडीत जातो. सफाई कामगारांना मी दोष देत नाही, कारण त्यांना नेमून दिलेले काम ते करतात. पण फुले हा कचरा नव्हे, एवढे त्यांना काम नेमून देणाऱ्यांनी ठरवले तर निदान दुपारपर्यंत ती मुलांना वेचता येतील. त्याच झाडाच्या बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक इतके घट्ट बसवले आहेत की पावसाचे पाणी मुळांपर्यंत पोहोचायला मातीची जागाच उरलेली नाही. आणि झाडावर नावाची पाटी नाही. ज्या झाडाचे नाव माहीत नाही त्याच्यासाठी उद्या कोण बोलणार?

यात आपले वृत्तपत्र मोठे काम करू शकेल. पावसाळ्यात धरणांतील पाणीसाठा आपण रोज छापता, तशी माघ ते वैशाख आठवड्यातून एकदा एक लहानशी चौकट द्यावी: या आठवड्यात कोणत्या बागेत कोणते झाड फुलले आहे, बाग किती वाजता उघडते आणि कोणत्या दिवशी बंद असते. राणीची बाग बुधवारी बंद असते, हे ठाऊक नसल्यामुळे लांबून आलेली माणसे दारातून परत जाताना मी पाहिली आहेत. पळस, पांगारा, वायवर्ण, बहावा आणि शेवटी आपले राज्यपुष्प ताम्हण, अशा क्रमाने ही चौकट चार महिने सहज चालेल. शाळांच्या परीक्षा याच दिवसांत येतात हे खरे, पण रविवारची एक सकाळ त्यातूनही काढता येते.

ही चौकट सुरू करायची झाल्यास माझ्या अकरा वह्या मी आनंदाने आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, परळ, मुंबई